हडंब्याच्या तोंडाशी

सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली की आमच्या ड्रेसिंगरूममधल्या रक्तात भुसकट असतं. जखमेवर पहिलं पाणी ओतलं की पिवळसर कचरा वर येतो, मग कातडी दिसते, मग हाड. उमरग्यात हायवेला लागून असलेल्या या दवाखान्यात मी सिस्टर म्हणून लागले, तेव्हा मला वाटलं होतं की इथं ट्रकांचे अपघात जास्त येतील. तेही येतात. पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत येतात ते हात. कधी माणसासोबत, कधी खताच्या पिशवीत वेगळे.

मळणी यंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरमागं जोडलेला पत्र्याचा मोठा डबा, आत लोखंडी दात बसवलेला ड्रम, आणि एका अंगाला तोंड. तोंडातून काड, म्हणजे कापलेलं पीक, ढकलायचं, ड्रम ते ओढून घेतो. त्याला काड आणि माणूस यातला फरक कळत नाही.

दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं फकरुद्दीनभाईंचं वेल्डिंगचं दुकान. दुकानामागं दोन खोल्यांत ते, बायको जैनबबी आणि एकुलती एक मुलगी शबनम. शबनम बारावी झाली आणि बापाच्या शेजारी वेल्डिंगचा चष्मा लावून बसली. लोक हसले, मग गप्प झाले, कारण तिचा सांधा बापापेक्षा साफ यायचा. जैनबबीचा सख्खा भाऊ मुजफ्फर याचा हडंबा होता. रास आली की माणसं मिळायची नाहीत, म्हणून जैनबबी भावाच्या मशीनवर काड टाकायला जायची. घरचंच काम.

त्या वर्षी मशीनच्या पायाची पट्टी तुटली म्हणून मुजफ्फरनं मेव्हण्याला शेतात बोलावलं. फकरुद्दीनभाई आणि शबनम गेले, पट्टी जोडली, मशीन पुन्हा सुरू झालं. दोघं केबल गुंडाळत होते. तेवढ्यात जैनबबीची किंकाळी आली, आणि ती मध्येच तुटली.

शबनमनं वर पाहिलं तर अम्मीचा उजवा हात कोपरापर्यंत तोंडात, आणि अंग त्याच्यामागं ओढत चाललेलं. मुजफ्फर ट्रॅक्टरवर पाठमोरा, फोन कानाला. फकरुद्दीनभाईंनी धावत जाऊन ट्रॅक्टर बंद केला. इंजिन थांबलं. ड्रम थांबला नाही. जड ड्रम आपल्याच वेगानं फिरत राहिला, आणि आवाज बंद झालेल्या शेतात हाड मोडण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शबनमनं अम्मीला कमरेतून धरून मागं खेचलं, तेव्हा हात आतच राहिला.

मुजफ्फर खाली उडी मारून आला. “आपा! आपा, म्या बघितलं न्हाय गं...”

फकरुद्दीनभाईंच्या हाताला जॅकचा दांडा लागला. पहिला तडाखा मुजफ्फरच्या जबड्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. मुजफ्फर पडला तरी ते मारत राहिले. शबनम ओढणीनं अम्मीचा दंड आवळत होती आणि ओरडत होती, “अब्बा, सोडा त्यान्ला! अम्मी मरंल, गाडी आणा!” बापाला ऐकू येत नव्हतं. शेवटी शेजारच्या शेतातले चार गडी त्यांना खाली पाडून वर बसले, तेव्हा हात थांबला.

एकाच जीपमध्ये दोघांना आणलं. बहीण-भाऊ एकाच सीटवर, बहिणीचं डोकं भावाच्या मांडीवर. जीपच्या तळाशी साठलेलं रक्त कुणाचं किती, सांगता आलं नसतं. आम्ही जेवढं बांधता येईल तेवढं बांधून सोलापूरला पाठवलं. जैनबबी वाचली, हात कोपराच्या वर थोटा राहिला. मुजफ्फर वाचला, डावा डोळा गेला, आणि जबडा असा बसला की आजही तो भाकरी कुस्करूनच खातो.

खटला उभा राहिला तेव्हा नातेवाइकांनी शबनमला समजावलं, म्हण की तुला काही दिसलं नाही. कोर्टात वकिलानं विचारलं. ती म्हणाली, “दिसलं. अब्बानं मारलं. मामू पडल्यावरबी मारलं.” फकरुद्दीनभाई कठड्यात मान खाली घालून उभे होते. त्यांना शिक्षा झाली. जैनबबीनं पोरीला दोष दिला नाही, पण महिनाभर तिच्या हातचं जेवली नाही. एका हातानं आपलं आपण थापून खायची, भाकरी वेडीवाकडी, कुठं जाड कुठं करपलेली.

दुकानाचं शटर शबनमनं उघडलं. गेट, ग्रील, ट्रॉलीचे आकडे, सगळं करायची. संध्याकाळी काम उरकलं की एका जुन्या हडंब्याच्या सांगाड्यासमोर बसायची. तो तिनं भंगारातून आणला होता.

मी एकदा ड्युटी संपवून गेले होते. म्हटलं, “हे कशाला गं आणलंस डोळ्यासमोर?”

“सिस्टर, त्या दिवशी अब्बानं ट्रॅक्टर बंद केला. लगेच केला. तरी काय उपयोग झाला?” तिनं ड्रमला हातानं ढकललं. ड्रम फिरला, फिरत राहिला. “इंजिन बंद करून न्हाय भागायचं. ह्यालाच धरायला पायजे.”

धरायचं कसं, हे तिला हायवेनं शिकवलं. ट्रकमधली हवा गेली की ब्रेक आपोआप लागतात, कारण दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते. तिनं भंगारातून ट्रकचा ब्रेक आणला, ड्रमच्या शाफ्टला बसवला. मशीनच्या तोंडासमोर छातीच्या उंचीवर एक आडवी दांडी लावली. माणूस आत ओढला जाऊ लागला की छाती दांडीवर आदळणार, दांडी हलली की स्प्रिंग सुटणार. तीच स्प्रिंग एकीकडून ट्रॅक्टरचा जोर तोडणार आणि दुसरीकडून ड्रम आवळणार.

दुरुस्तीला आलेला एक ट्रॅक्टर जोडून केलेल्या पहिल्या चाचणीत स्प्रिंग तुटली. तुकडा पत्रा फाडून बाहेर आला आणि शबनमचा गाल कानापर्यंत चिरत गेला. रस्ता ओलांडून ती स्वतः चालत आली, गालाचं कातडं हातानं दाबून धरलेलं. मी टाके घालत होते आणि ती तोंड न हलवता बोलत होती, “ड्रम थांबला व्हता, सिस्टर. तुटायच्या आदी थांबला व्हता.”

अर्पिता मॅडम तिला भेटल्या त्या अशाच, गाडीच्या सायलेन्सरमुळं. तुळजापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या शिकवायच्या. हैदराबादकडून येताना सायलेन्सर तुटून रस्त्यावर घासायला लागला, म्हणून दुकानात थांबल्या. गालावर ताजी पट्टी असलेली बाई सायलेन्सर जोडत होती आणि मागं तो सांगाडा उभा. त्यांनी विचारलं, हिनं सांगितलं.

मॅडमनी वाकून बराच वेळ पाहिलं. “कल्पना चांगली आहे. पण ही स्प्रिंग परत तुटणार. एवढ्या वेगाला एकदम थांबवलं की धक्का कुठं तरी जाणारच. ड्रमला दोन वेढ्यांत थांबू दे, अर्ध्या वेढ्यात नको.”

“दोन वेढ्यात हात जातो, मॅडम.”

“मग दांडी पुढं आण. हात पोचायच्या आधी छाती लागली पाहिजे.”

दोघींची गट्टी तिथं जमली. मॅडमनी गणितं करून दिली, कुठल्या जाडीची स्प्रिंग, किती ताण. शबनमनं ती बसवून दाखवली. जुन्या सलवारीच्या पायात केळीचा खांब घालून आत सोडायचा आणि किती चिरडतो ते पाहायचं, असं कित्येकदा केलं. पहिल्यांदा खांबाचा लगदा झाला. मग निम्मा उरला. मग एके दिवशी खांब नुसता ओरबाडून परत आला.

जैनबबी उंबऱ्यावर बसून हे बघायची. ती उठली. “आता म्या उभी राहते.”

“अम्मी, येडी झालीस का?”

“एक हात खाल्लाय त्यानं. दुसरा खातो का बघू दे की.”

शबनमनं ड्रम थांबवला, ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली आणि आईला दोन्ही खांद्यांना धरून बाहेर नेलं. तिला मी तेवढ्या जोरानं कुणाला धरताना कधी पाहिलं नव्हतं.

पेटंट हा शब्द मॅडमनी काढला. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवलं, लोकांनी काय काय नोंदवून ठेवलंय. कुणी न दुखता टोचणारी सुई, कुणी हृदयात बसवायची जाळी, कुणी मोबाईलला चेहरा ओळखायला लावणारा हिशोब, कुणी नांगराचा फाळ. शबनमनं विचारलं, “हे समदे लई शिकलेले असतील?” मॅडम म्हणाल्या, “बरेचसे. पण तिथं शिक्षण विचारत नाहीत. विचारतात एवढंच की हे आधी कुणी केलं होतं का.”

आणि केलं होतं. परीक्षकांचा आक्षेप आला, की झाडांच्या फांद्यांचा चुरा करणाऱ्या परदेशी यंत्रांना अशी आडवी दांडी आधीपासून असते. शबनम खचली. दुकान बंद करून बसली. मॅडम आल्या आणि तिला झापलं. “दांडी तुझी नाहीच. ती सोडून दे. एकच स्प्रिंग जोर तोडते आणि ड्रमही धरते, ते तुझं. जेवढं तुझं तेवढंच माग.” तसा अर्ज दुरुस्त केला. संगणकावरून सुनावणी झाली, दुकानातच, मागं ट्रकांचे हॉर्न वाजत असताना. पेटंट मिळालं. जैनबबीनं अख्ख्या गल्लीत शिरखुर्मा वाटला, ईद नसताना. तोवर फकरुद्दीनभाईही सुटून आले होते. तुरुंगानं त्यांचा आवाज खाल्ला होता. दिवसभर ग्राइंडरवर बसायचे, कुणी ओरडलं की दचकायचे.

पुढच्या राशीला तालुक्यातल्या काही हडंब्यांना शबनमची दांडी बसली. त्यातला एक कर्नाटकच्या हद्दीकडच्या गावातल्या दोघा भावांचा, कुमार आणि श्रीमंत यांचा. थोरला कुमार शेती बघायचा, धाकटा श्रीमंत ट्रॅक्टर चालवायचा. कुमारची बायको दैवशाला काड टाकायला उभी राहायची. मशीन न्यायला आली होती तेव्हा तिनं शबनमच्या गालावरचा व्रण निरखून पाहिला होता आणि विचारलं होतं, “दुखतो का गं थंडीत?”

दैवशाला त्याच मशीनवर गेली. खांद्यापर्यंत आत ओढली गेली. छाती दांडीवर आदळली, पण दांडी हलली नाही. तिथंच, काडाच्या ढिगावर, तिचा जीव गेला.

पोलीस शेतात पोचायच्या आधीच गावातली माणसं ट्रॅक्टरला तो हडंबा जोडून उमरग्याकडं निघाली. मी ड्रेसिंगरूमच्या खिडकीतून पाहिलं. ट्रॅक्टर दुकानासमोर आडवा लागला, मागच्या दोन जीपमधून माणसं उतरली. हडंब्याच्या तोंडावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं, त्याला साडीचं हिरवं सूत चिकटलं होतं.

“पेटंटवाली कुठंय?” कुमार ओरडला. त्याच्या हातात कोयता होता. “बाहेर ये! थांबतं म्हणली व्हतीस न्हवं? बघ, थांबलं का बघ!”

शबनम बाहेर आली. ती कुमारकडं गेली नाही, सरळ मशीनकडं गेली. दांडीला हात लावला. दांडीच्या डाव्या टोकाला, सांगाड्याशी, बांधणीची तार होती. पक्कडनं तीन वेढे देऊन पिळलेली. तिनं मान वर केली. ट्रॅक्टरच्या सीटवर श्रीमंत बसला होता. त्यानं तिला तार पाहताना पाहिलं. आणि त्याच क्षणी तो सीटवरून उडी टाकून ओरडला, “काय बघतीस? मारा हिला! हिनंच खाल्लं माझ्या वैनीला!”

पहिला दगड श्रीमंतनं मारला. मग सगळेच तुटून पडले. लोखंडी पाइप, काठ्या, दुकानातलेच गज. शबनम पडली. एकानं तिच्या हातावर पाय दिला आणि दुसऱ्यानं बोटांवर गज घातला. गॅसची टाकी रस्त्यावर फेकली, ग्राइंडर आपटला, शटर वाकवलं. मी रस्ता ओलांडायला धावले तर आमच्या कंपाउंडरनं मला मागून कवटाळून धरलं. पोलिसांना फोन करून मी तिथूनच त्या माणसांना शिव्या देत होते, मला कानडीत येतात तेवढ्या सगळ्या.

फकरुद्दीनभाई आतून घण घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर तो शेतातला चेहरा होता, असं शबनम नंतर म्हणाली. घण त्यांनी डोक्यावर उचलला. समोर कुमार होता, पाठमोरा.

“अब्बा, नको!” शबनम जमिनीवरून ओरडली.

आणि यावेळी त्यांना ऐकू आलं. घण बाजूला पडला. ते वाकले आणि पोरीच्या अंगावर पालथे झाले, जसं पावसात पोत्यावर प्लास्टिक टाकावं तसे. पुढचे सगळे तडाखे त्यांच्या पाठीवर बसले. बरगड्या मोडत होत्या. ते एकदाही ओरडले नाहीत. जैनबबी धावत आली आणि एका हातानं जे सापडेल त्याला ओरबाडू लागली, चावू लागली. कुणीतरी तिलाही ढकललं, ती तोंडावर आपटली.

कुमार कोयता उगारून फकरुद्दीनभाईंच्या डोक्याशी उभा होता. शबनम बापाच्या काखेखालून त्याच्याकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं. मी ते पाहिलं. मग तिनं ते मिटलं. पोलिसांची गाडी आली, माणसं पांगली.

शबनमची तीन बोटं मोडली, पुढचे दात गेले. फकरुद्दीनभाईंच्या बरगडीनं फुप्फुस फाडलं. सोलापुरात नळी घालून रक्त काढावं लागलं. ते जगले, पण त्यानंतर जिना चढले नाहीत.

पोलिसांनी मशीन जप्त केलं. शबनमचा जबाब घ्यायला आले तेव्हा ती तोंडात कापूस धरून बोलली. दांडीला तार बांधली होती, हे सांगितलं. कुणी बांधली? “बांधताना म्या बघितलं न्हाय.” तेही खरंच होतं. पोलिसांना मात्र ट्रॅक्टर कोण चालवतं हे ठाऊक होतं. त्यांनी श्रीमंतला बोलावून विचारलं. तो तिथं नाही नाही म्हणाला. मग घरी गेला आणि गोठ्यात बसलेल्या भावासमोर उभा राहून म्हणाला, “दादा, तार म्या बांधली व्हती.”

तो हे बोलला त्याच सकाळी मी शबनमच्या बोटांची पट्टी बदलायला दुकानात गेले होते. दुकान म्हणजे वाकलेलं शटर आणि आत आम्ही तिघी. जामिनावर सुटलेला कुमार एकटाच आला. जैनबबीनं पहार उचलली. त्याच्या हातात काही नव्हतं. पण सदऱ्यावर रक्त होतं, ताजं.

“तार दिसली व्हती का तुला त्या दिवशी?” त्यानं शबनमला विचारलं.

“व्हय.”

“कुणी बांधली ते कळलं व्हतं?”

“त्याच्या तोंडावरनं कळलं.”

“मग बोलली का न्हाईस? आमी तुझ्या बापाला मारत व्हतो. तुझी बोटं मोडत व्हतो. एक शब्द बोलली असतीस तर...”

“तुमच्या हातात कोयता व्हता, भाऊ.”

कुमारनं ते ऐकलं. मग मागं वळला आणि वाकलेल्या शटरवर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. पत्रा घुमत होता. कपाळ फुटून रक्त नाकावरून हनुवटीला आलं, तरी थांबेना. मी त्याला मागं ओढायला गेले. शबनम जागची हलली नाही, तिनं फक्त विचारलं, “श्रीमंत जिता हाय का?”

“हाय... मला वाटतं हाय. गोठ्यात पडलाय. कुऱ्हाडीच्या दांड्यानं... कुऱ्हाड न्हाय मारली म्या. दांडा मारला.”

आम्ही दवाखान्याची गाडी घेऊन गेलो. शबनम तुटक्या बोटांनिशी पुढं बसली, कुमार मागं. श्रीमंत शेणात पडला होता. दोन्ही पायांच्या नडग्यांची हाडं बाहेर आली होती, एक गुडघा उलट्या बाजूला वळलेला. बैल बाजूला सरकून उभे होते. त्याला उचलताना तो शुद्धीवर आला, शबनमला पाहून त्यानं तोंड झाकून घेतलं.

मी त्याचे पाय बांधत असताना तिनं त्याला एकच विचारलं. “का बांधली?”

मला वाटलं तो रडेल, माफी मागेल. तो वेदनेनं ओरडत होता, आणि ओरडता ओरडताच चिडून म्हणाला, “दिवसातनं धा येळा सुटायची ती दांडी! जाड काड लागलं की सुटायची. मग स्प्रिंग वडून धरायला दोन गडी आन् पहार लागायची. दुसरा गडी कुठनं आणू? रास पडलेली, वर आभाळ भरलेलं. वैनीच म्हणली, बांध की, भावजी. वैनीच म्हणली...”

शबनम गाडीच्या पत्र्याला टेकून बसली. दवाखान्यात पोचल्यावर मला म्हणाली, “सिस्टर, त्यो खरं बोलला. आपन चाचणी केली तवा दर टायमाला मॅडम आन् म्या, दोघी व्हतो. एकट्याला ती स्प्रिंग वडता येतच न्हाय. हे माज्या ध्यानातच आलं न्हाय.”

“म्हणजे दोष तुझा, असं म्हणतेस?”

“तार त्यानंच बांधली. पण तार बांधावी वाटंल असं मशीन म्या केलं.”

कुमारवर दोन गुन्हे दाखल झाले, एक दुकानाचा, एक भावाचा. श्रीमंतवर एक. तिन्ही अजून चालू आहेत. दोन्ही भावांच्या घरांच्या मधोमध आता पत्र्याची भिंत आहे. कुमारनं पुन्हा लग्न केलं नाही. श्रीमंत कुबड्यांवर चालतो. शबनमनं कोर्टात दुकानाच्या मारहाणीबद्दल सगळ्यांची नावं घेतली, एकही वगळलं नाही. तिच्यावर दबाव आणायला काही लोक आले होते. त्यांना ती म्हणाली, “म्या बापाविरुद्ध साक्ष दिलीया. तुमी कोन?”

बोटं जुळली, पण दोन वाकडीच राहिली. गज धरताना ती आता अंगठा आणि करंगळी वापरते. मॅडम सुट्टीच्या दिवशी येत राहिल्या. दांडी वर सरकली, आता काड तिच्याखालून जातं, कितीही जाड असो, आणि फक्त माणसाचं अंग तिला लागतं. स्प्रिंग परत ओढायला लांब लिव्हर बसवली, ट्रॅक्टरवरून न उतरता एका हातानं ओढता येईल अशी. ती लिव्हर जैनबबीनं एका हातानं ओढून दाखवेपर्यंत शबनमनं ती मान्य केली नाही. पहिल्या वेळी जमलं नाही. लिव्हर लांब केली. दुसऱ्या वेळीही नाही. जैनबबी चिडली, “तुज्या बापाला सांग वडायला.” पुन्हा लांब केली. मग तिनं ओढली, आणि खट्कन आवाज आला.

पहिल्या पेटंटला जोडून दुसरा अर्ज गेला. तोही मंजूर झाला. मुजफ्फरनं कुणामार्फत तरी विचारलं, आपल्या हडंब्याला ही दांडी बसवून मिळेल का. फकरुद्दीनभाई ऐकत होते. ते उठून आत गेले. शबनमनं मामूच्या मशीनला दांडी बसवली. जैनबबी गेली नाही.

सगळ्यांनी ती दांडी घेतली असं नाही. या राशीलाही माझ्याकडं हात आले. त्यातला एक चन्नम्मा नावाच्या मुलीचा, मनगटापासून. तिच्या बापाला मी विचारलं, मशीनला दांडी होती का? तो म्हणाला, “ती कशाला? आमी नीट टाकतो.” मी त्याच्या मुलीचा हात त्याच्यासमोर स्वच्छ केला. त्यानं बघितलं पाहिजे, असं मला वाटलं.

परवा दुपारी मी शबनमकडं चहा पीत होते. तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला, कारण हातात वेल्डिंगचं हेल्मेट होतं. पलीकडं परंड्याकडच्या सोनारीची एक बाई, बानूबाई नावाची, तोंड सुटलेली.

“ती दांडीवाली तुमीच का? अवो, मशीन थांबलं की! माझी छाती ठेचली, काळीनिळी झालीया बघा! आन् पदर आत अडकलाय, नवी साडी हाय माझी. डायवर म्हणतो कापून टाक. म्या न्हाय कापू देत. कसा काढायचा सांगा आदी!”

शबनमनं हेल्मेट खाली ठेवलं. “बाई, हात-पाय नीट हायेत का?”

“हायेत वो! साडीचं सांगा की!”

“ट्रॅक्टर बंद करा. डायवरला म्हणा चावी काढ, मग लिव्हर ओढ, म्हंजी ड्रमचा ब्रेक सुटतो. दोघांनी ड्रम उलटा फिरवा, हळूहळू. पदर आपोआप बाहेर येतो. त्याला ओढू नका.”

पलीकडं ड्रायव्हरला शिव्या, लोखंडाचा कुरकुराट, पुन्हा शिव्या. मग बाई म्हणाली, “आला. फाटलाय थोडा काठाला.” आणि फोन बंद केला, बरं-वाईट काही न बोलता.

शबनमनं हेल्मेट चढवलं. मी उठले, कारण समोर दवाखान्याच्या दारात एक जीप येऊन थांबली होती आणि मागच्या सीटवरून कुणाला तरी दोघं जण उचलत होते.